लिथियम चालू असताना वर्षभर परदेशी राहायचं असेल तर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बायपोलरचं (मूड कधी अति चढतो, कधी खूप उतरतो असा आजार) निदान जुनं आहे, मूड स्थिर ठेवायला रोज रात्री लिथियम ९०० मिग्रॅ, सकाळी लॅमोट्रिजिन २०० मिग्रॅ, झोप उडालीच तर क्वचित क्लोनाझेपाम या शामक औषधाची अर्धी गोळी, आणि दर पंधरवड्याला थेरपी. तब्येत स्थिर आहे. आता वर्षभर तीन देशांत राहून काम करायचंय. आणि विचारलंय एवढंच, की गोळ्या किती नेऊ?

हा प्रश्न बरोबर आहे, पण नंतरचा. आधी हे ठरवा: तिकडे लिथियमची पातळी बघायला रक्त कुठे तपासणार, रिपोर्ट कोण वाचणार आणि पुढची चिठ्ठी कोण लिहून देणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की गोळ्यांचा आकडा आपोआप निघतो. पोचल्या दिवसापासून चिठ्ठी हातात पडेपर्यंत जितके दिवस, त्यावर निदान महिनाभराची भर. ब्रिटन, नेदरलँड्स अशा देशांत सरकारी किंवा विम्याच्या व्यवस्थेतून जायचं तर तज्ज्ञाकडे सहसा थेट जाता येत नाही. आधी (नेदरलँड्समध्ये) पत्त्याची नोंदणी, मग फॅमिली डॉक्टर, त्याने पाठवलं की सायकियाट्रिस्टची रांग. यात काही महिने सहज जातात. म्हणून तीन महिन्यांच्या साठ्याचा हिशोब धरा आणि तो त्या देशात चालतो का ते तपासा.

इथे एक गंमत आहे. तुम्ही जी गोळी सगळ्यात कमी घेता, तीच सीमेवर सगळ्यात जास्त त्रास देते. लिथियम आणि लॅमोट्रिजिन आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालच्या यादीत नाहीत. क्लोनाझेपाम मात्र १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सायकोट्रॉपिक करारातल्या चौथ्या अनुसूचीत येतं, आणि प्रत्येक देश त्यावर आपापले नियम लावतो. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. जपानमध्ये चिठ्ठीवरचं कुठलंही औषध एक महिन्यापेक्षा जास्त न्यायचं असेल तर आधी आयात-प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तिथे तुमच्या लिथियमलाही नियम लागू. (एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही अशा विकारासाठी अँफेटामिन घेणाऱ्यांनी तर जपानचं नाव काढण्याआधी डॉक्टरांशी पर्यायी औषधाबद्दल बोलावं. अँफेटामिन तिथे चिठ्ठी असली तरी चालत नाही.) शेंगेन देशांत (आपसांत सीमातपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट) राहायला लागल्यावर एका सदस्य देशातून दुसऱ्यात क्लोनाझेपाम न्यायचं तर तिथल्या डॉक्टरने भरून दिलेलं आणि अधिकृत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक औषधाला वेगळं, मुदत ३० दिवस. देशोदेशीचे नियम आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर एकत्र मिळतात, तरी शेवटचा शब्द त्या देशाच्या दूतावासाचा किंवा आरोग्य खात्याचा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका, मेलवर घ्या आणि छापून जवळ ठेवा.

वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गोळीसाठी एवढा खटाटोप करायचा का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. बऱ्याचदा उत्तर निघतं की ती न नेता झोपेसाठी नियंत्रित यादीत नसलेलं दुसरं काही देता येईल. पण हा बदल निघायच्या आदल्या आठवड्यात नको. दोन-तीन महिने आधी करून बघा, म्हणजे ते मानवतं की नाही ते घरीच कळेल.

डॉक्टरांचं पत्र नीट लिहून घ्या. "हे माझे पेशंट असून त्यांना औषधे चालू आहेत" अशा दोन ओळींचा उपयोग नाही. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, औषधाचं जेनेरिक नाव (ब्रँड कंसात), गोळीची ताकद, साधी की सस्टेन्ड रिलीज (हळूहळू विरघळणारी), दिवसातून किती वेळा, आणि सोबत नेत असलेला एकूण आकडा, उदाहरणार्थ ३०० मिग्रॅच्या २७० गोळ्या. खाली तारीख, सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. हे झालं सीमेवर दाखवायचं पत्र. दुसरं पत्र तिकडच्या डॉक्टरसाठी, आणि ते वेगळं असावं: निदान, आजवर कुठली औषधं देऊन पाहिली, कुठली का बंद केली, शेवटचा मोठा एपिसोड (आजार उसळण्याचा काळ) कधी आणि कसा आला, गेल्या दोन वर्षांच्या रक्तातल्या लिथियम पातळ्या. कस्टम्सच्या माणसाला तुमचा इतिहास वाचायचं कारण नाही, आणि नव्या डॉक्टरला नुसता गोळ्यांचा आकडा पुरत नाही.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, मूळ खोक्यात, हातातल्या बॅगेत. वार लिहिलेला डबा पोचल्यावर भरा. सोबत कुणी असेल तर आठवड्याभराच्या गोळ्या आणि पत्राची प्रत त्यांच्या बॅगेत. मागाहून कुरियरने मागवू, या भरवशावर राहू नका. पाकीट कस्टम्समध्ये अडकतं, आणि क्लोनाझेपाम असं मागवणं बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो.

आता लिथियम. खरी जोखीम इथे आहे. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं: बहुतेकांना ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर राखतात, आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, काहींना त्याआधीही. रक्त शेवटच्या डोसनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री १० ला गोळी घेतली तर सकाळी १० ला, आणि सकाळी काही डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. नव्या लॅबला हे माहीत असेलच असं नाही. आठलाच बोलावलं तर आकडा फुगलेला येतो आणि विनाकारण डोस कमी होतो. निघायच्या तीन आठवडे आधी पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम करून घ्या, म्हणजे काही फेरफार करायचा तर पुन्हा तपासायला वेळ उरतो. पोचल्यावर महिनाभरात एकदा पातळी, पुढे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. लिथियमचा आकडा मिलिमोलमध्ये असो की मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, सारखाच असतो. क्रिएटिनिनचं मात्र तसं नाही: १ मिग्रॅ प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. रिपोर्टवर ९० बघून घाबरू नका.

परदेशात पातळी वर जाण्याची कारणं ठरलेली आहेत. जुलाब-उलट्या, उन्हात भरपूर घाम, अचानक मीठ कमी करणं, आणि सुपरमार्केटमध्ये सहज मिळणारं आयब्युप्रोफेन. मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं या सगळ्यांनी मंदावतं. डोकेदुखी, अंगदुखीला पॅरासिटामॉलच घ्या. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेनही नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच, म्हणून तिकडे कुठलाही डॉक्टर काहीही लिहून देत असला तरी आधी "लिथियम चालू आहे" हे सांगा. किती उलट्या-जुलाब झाले की गोळी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच लेखी घ्या. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, सोबत उलट्या: गोळी घ्यायची नाही, तडक इमर्जन्सीत जायचं आणि पातळी करायला सांगायचं.

तिकडच्या फार्मसीत ब्रँड बदलला तर तो किरकोळ बदल समजू नका. लिथियमचे ब्रँड शरीरात सारखे उतरत नाहीत, आणि लिथियम कार्बोनेटच्या गोळीच्या जागी लिथियम सायट्रेटचं सिरप मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरून चालत नाही. बदल झालाच तर आठवड्याने पातळी.

लॅमोट्रिजिनला रक्ततपासणी लागत नाही, पण खंड त्याला चालत नाही. सलग पाचेक दिवस चुकले तर पुन्हा २०० पासून सुरू करायचं नाही. डॉक्टरांना विचारून सहसा २५ पासून हळूहळू चढावं लागतं, कारण एकदम मोठा डोस घेतल्यावर येणारं पुरळ जिवावर बेतू शकतं. हरवलेल्या बॅगेचा सगळ्यात मोठा फटका तुम्हाला इथे बसेल. इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी सुरू केली तर लॅमोट्रिजिनची पातळी उतरते, तेही ध्यानात ठेवा. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर मेफ्लोक्विन ही मलेरिया टाळायची गोळी तुमच्यासाठी नाही. ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये निदान सांगा, दुसरे पर्याय आहेत.

विमानप्रवासात डोसपेक्षा झोप सांभाळा. पूर्वेकडे जाताना रात्र आखूड होते, आणि बायपोलरमध्ये एक-दोन रात्रींचं जागरणसुद्धा मेनिया (मूड अति चढण्याचा काळ) पेटवायला पुरतं. रात्रीचं स्वस्त विमान टाळा, दिवसा पोचेल असं घ्या, आणि कामाचा पहिला दिवस पोचल्यावर किमान तीन दिवसांनी ठेवा. लिथियम स्थानिक रात्रीच्या वेळेवर कसं सरकवायचं हे डॉक्टरांशी ठरवून कागदावर तास लिहून घ्या. घेतली की नाही हे आठवत नसेल तर दुसरी घ्यायची नाही.

थेरपिस्ट "ऑनलाइन चालू ठेवू" म्हणतील, पण त्यांचा परवाना तुम्ही प्रत्यक्ष जिथे बसलाय तिथे चालतो का, हे त्यांनी तपासायला हवं. अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळा परवाना आहे. सेशनच्या सुरुवातीला आजचा पत्ता त्यांना द्या. संकट आलं तर त्यांना मदत तिकडे पाठवायची असते. अमिरातीत व्हॉट्सअॅपचे कॉल लागत नाहीत, म्हणून चालणारं अॅप आधीच ठरवा. आणि औषधांची चिठ्ठी ऑनलाइन पाठवून घेऊ, ही आशा सोडा. एका देशातल्या डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या देशातली फार्मसी सहसा घेत नाही. युरोपीय संघाच्या आत बऱ्यापैकी चालतं, तेही नियंत्रित औषधं सोडून.

विम्याचं एकच सांगतो, कारण तिथे लोक लपवतात: निदान लपवू नका. पकडलं गेलं तर पाय मोडल्याचा क्लेमही नाकारू शकतात. अनेक पॉलिसींत "स्थिर काळ" असतो, म्हणजे आधीचे ९० किंवा १८० दिवस डोस बदललेला नसावा. ती ओळ वाचून मगच डोसचे बदल कधी करायचे ते डॉक्टरांशी बसवा. आणि प्रवासविमा बहुधा अपघात-इमर्जन्सीपुरता असतो, तुमच्या दर तिमाहीच्या रक्ततपासणीला तो पैसे देत नाही.

शेवटचा कागद एका पानाचा. वरच्या अर्ध्यात तुमची स्वतःची लक्षणं, मोघम नाही तर मोजता येतील अशी: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, रात्री दोनला मेसेज, एका दिवसात तीन नव्या योजना. खालच्या अर्ध्यात कोणी काय करायचं: घरचं कोण डॉक्टरांना फोन करणार, तिकडचा कोणता सहकारी दार ठोठावणार, बँकेचं कार्ड कोण गोठवणार. डॉक्टरांनी घरच्यांशी बोलावं याची लेखी संमती आत्ताच द्या, आजारात ती मागणं कठीण जातं. प्रत्येक देशाचा आणीबाणीचा नंबर त्याच पानावर: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात मानसिक संकटासाठी ९८८, ब्रिटनमध्ये ९९९, आणि तिथेच नुसतं बोलायला समॅरिटन्स ही हेल्पलाइन ११६ १२३. असे लघु नंबर परदेशी सिमवरून दर वेळी लागतीलच असं नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात स्थानिक सिम घ्या. पानाचा फोटो घरच्या दोघांना पाठवा, एकाचा फोन बंद असू शकतो.