‘शोले’, ‘पाकिजा’ झालं. आता कोणत्या रेकॉर्ड शोधाव्यात?

प्रश्न असा आहे: अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या एका गावात राहणाऱ्या भाऊंकडे बेल्टवर चालणारा साधा रेकॉर्ड प्लेयर आहे आणि साठेक रेकॉर्ड जमल्या आहेत. सगळ्यांकडे असतात त्या त्यांच्याकडेही आहेत. आता ज्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही असे अल्बम आणि सिनेमाचं संगीत हवं आहे, आणि खेड्यात निघणाऱ्या जुन्या मालातून ते निवडायचे कसे, हेही विचारलं आहे.

भाऊ, नावांच्या आधी माल ओळखा. आपल्याकडे गावात निघणाऱ्या रेकॉर्ड बहुतेक लाउडस्पीकरवाल्याच्या असतात. लग्न, गणपती, जत्रा, सगळीकडे वाजून आलेल्या. लेबलवर ऑइलपेंटने नाव किंवा सर्व्हिसचा रबरी शिक्का दिसला की समजून घ्या. लाउडस्पीकरवाल्यांच्या जुन्या सिरॅमिक पिकअपचा (सुई बसवलेल्या डोक्याचा) सुईवरचा भार ५ ते ७ ग्रॅम असायचा. आजच्या सुईला दोनेक ग्रॅम पुरतात. त्यामुळे फर्माइशीचं गाणं ज्या बाजूला, तिच्या खाचा घासून राखाडी झालेल्या असतात. पण उलटून पाहा. दुसऱ्या बाजूला टायटल म्युझिक, नाचाचा तुकडा, कोणी न मागितलेलं गाणं असतं आणि ती बाजू बरेचदा जवळपास कोरी निघते. कमी माहितीचं संगीत हवं असणाऱ्याला हा भंगारातला माल म्हणूनच परवडतो. ‘बॉबी’ शोधणाऱ्याला तो उपयोगाचा नाही.

आता नावं. सुरुवात घरापासून. ‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं की आता लोकांना २०१५चा सिनेमा आठवतो. मूळ नाटक १९६७चं, लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यात खाँसाहेबांची भूमिका केलेले वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे. म्हणजे निम्मं नाटक आपल्या विदर्भाचंच. त्याची एचएमव्हीची रेकॉर्ड मिळाली तर ‘घेई छंद मकरंद’च्या दोन वेगळ्या चाली लागोपाठ ऐका, दोन घराण्यांचं भांडण त्या दोन चालींतच कळतं. नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड लाउडस्पीकरवर कमी आणि घरात जास्त वाजल्या. त्यामुळे वाड्यातून किंवा निवृत्त मास्तरांच्या घरून निघालेली प्रत सहसा चांगली असते.

दुसरी ‘जैत रे जैत’ या सिनेमाची, १९७७. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी ना. धों. महानोरांची. ‘नभ उतरू आलं’ सगळ्यांना पाठ आहे, पण पूर्ण रेकॉर्ड सलग ऐकणारे थोडे. ठाकर आदिवासींच्या ढोलाचा ठेका एकातून दुसऱ्या गाण्यात कसा शिरतो ते मोबाइलवर सुटी गाणी ऐकून कळत नाही. शिवरायांवरच्या गाण्यांची ‘शिवकल्याण राजा’ १९७४ची, त्यांच्या राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाची, बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनासह. दोन गाण्यांमधल्या निवेदनात सुई ठेवून ऐका. तिथे वाद्यं नसतात, त्यामुळे खरखर असेल तर लगेच उघडी पडते.

बाकी मराठी सिनेमाचं संगीत बहुतेक ७ इंची ईपीवर, चार-चार गाण्यांचं. १२ इंची मोठ्या एलपीच्या मागे लागू नका, ईपीचे गठ्ठे चाळा. कव्हरची पुढची बाजू पाहून टाकून देऊ नका, मागची छोटी अक्षरं वाचा. गीतकार सुरेश भट दिसले की बाजूला काढा. अमरावतीच्या माणसाची गाणी दर्यापुरात भंगारात जावीत हे बरं नाही.

हिंदीत ज्यांना किंमत कमी आणि संगीत भारी असा माल म्हणजे नुसत्या वाद्यांवरची सिनेगाणी. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा ॲकॉर्डियन, व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांची इलेक्ट्रिक गिटार, काझी अनिरुद्ध यांची गिटार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. ‘गायक नाही’ म्हणून लोक ह्या सोडून देतात. माझ्या मते नवख्या संग्राहकाने पहिले पैसे इथेच घालावेत.

याच गटातले चरणजित सिंग. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वर, दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’. तेव्हा ती पडली, पुढे जगभर गाजली. मूळ प्रत आता आवाक्याबाहेर आहे. २०१० मध्ये हॉलंडच्या बॉम्बे कनेक्शन या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढली, ती घ्या. पण भंगारात मूळ प्रत निघणारच नाही असं नाही, म्हणून चरणजित सिंग हे नाव दिसलं की कव्हर नीट वाचा. ‘ट्रान्झिकॉर्ड’ (इलेक्ट्रॉनिक ॲकॉर्डियन) किंवा गिटारवरच्या सिनेगाण्यांचे त्यांचे अल्बम वेगळे, तेही ऐकण्यासारखे.

शंकर-जयकिशनचा ‘रागा जॅझ स्टाइल’, १९६८, सतारीवर रईस खान, एकूण ११ राग. ह्याच जोडीचं ‘बॉम्बे टॉकी’ (१९७०) त्याहून कमी लोकांना माहीत आहे. ‘टाइपरायटर टिप टिप टिप’ त्यातलंच, आणि उषा उथुप यांची इंग्रजी गाणीही. आनंद शंकर यांची १९७५ची ‘आनंद शंकर अँड हिज म्युझिक’ सतार आणि मूग सिंथेसायझर एकत्र आवडत असतील तरच घ्या. रूपा बिस्वास यांची ‘डिस्को जॅझ’ १९८२ची, कॅनडात कॅल्गरीला ध्वनिमुद्रित झालेली, सरोदवर आशिष खान. तिचीही २०१९ची नवी आवृत्तीच परवडते.

सिनेमात संगीतकार वनराज भाटिया हे नाव लक्षात ठेवा. ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावरचा. भाटियांनी त्यात जुन्या काळच्या सिनेसंगीताची ढब मुद्दाम उभी केली आहे. ऐकताना प्रत जुनी आहे असं वाटेल. दोष रेकॉर्डचा नसतो. आणि एक: आपल्याकडच्या सिनेमाच्या रेकॉर्डवर पार्श्वसंगीत जवळपास नसतंच, गाणीच असतात. म्हणून गाण्यांच्या यादीत ‘टायटल म्युझिक’, ‘थीम’ किंवा ‘डान्स म्युझिक’ असं काही छापलेलं असेल तर त्या प्रतीला दोन पैसे जास्त द्या.

वेगाची गडबड फार होते. १२ इंची म्हणजे मिनिटाला ३३ फेरे आणि ७ इंची म्हणजे ४५, हे नेहमी खरं नाही. एचएमव्हीच्या ‘४५ एनएलपी’ क्रमांकाच्या रेकॉर्ड १२ इंची असून ४५ वर चालतात. ३३ वर लावल्या तर लताबाईंचा आवाज पुरुषाचा होतो. उलट ‘७ एलपीई’ म्हणजे सुपर-सेव्हन, आकार ईपीचा पण वेग ३३. बाजारात ‘खराब आहे’ म्हणून फेकलेल्यांत अशा चुकीच्या वेगाने वाजवलेल्या बऱ्याच असतात. लेबलवरचा आकडा वाचा. ७८च्या लाखेच्या तबकड्यांची गोष्ट तिसरीच: त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते. एलपीची १८ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसता खरखराट येतो.

घेताना रेकॉर्ड उन्हात तिरपी धरा, नाहीतर मोबाइलची बॅटरी बाजूने मारा. काळीभोर चमक हवी, राखाडी झाक नको. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक चकाकत्या रेघोट्यांचं जाळं असेल तर रेकॉर्ड खूपदा चढली-उतरली आहे. आडव्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडलं तर ‘टक’ येणारच. ३३ वर तो टक दर १.८ सेकंदाला येतो, ४५ वर दर १.३३ सेकंदाला. ठरलेल्या अंतराने आला तर ओरखडा, कसाही आला तर धूळ, आणि धूळ धुता येते. पांढरे ठिपके बुरशीचे, तेही बहुधा निघतात. फार चकचकीत दिसली तर वास घ्या. काही जण तेल किंवा रॉकेल लावून चमकवतात. तेल खाचेत बसतं आणि पुढे सगळी धूळ तिथेच चिकटते.

धुवायला बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर खाचेत पांढरी पुटं राहतात. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी आणा. डबा बघून घ्या, तिथेच बॅटरीचं ॲसिडही विकतात. एक लिटर पाण्यात बिनवासाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे २-३ थेंब, त्याहून जास्त नाही. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या बॅटरीच्या पाण्याने दोनदा विसळा आणि ताटांच्या स्टँडमध्ये उभी वाळवा. पंख्याखाली नको, कापसाच्या हंगामात तर मुळीच नको. ओल्या रेकॉर्डवर रुईचे तंतू असे बसतात की पुन्हा धुवावी लागते. ७८च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

सुई ठीक नसेल तर हे सगळं वाया. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या पिकअपला सुईवर २ ग्रॅम भार, ऑर्टोफोनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा गैरसमज आहे. भार कमी झाला की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. भार मोजायचा छोटा डिजिटल वजनकाटा दोन-तीनशे रुपयांत येतो, तो घ्याच. एचएमव्ही फिएस्टासारखा जुना प्लेयर शोभेला ठेवा, नव्या रेकॉर्ड त्यावर लावू नका. लाइन गेल्यावर चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर एसी मोटरचा प्लेयर लावाल तर गुणगुण ऐकू येईल आणि मोटर तापेल, थांबलेलं बरं.

शेवटी आपलं ऊन. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कुरिअरने काही मागवू नका. बाहेर ४५-४६ अंश असताना बंद गाडीत सहज ६० च्या वर जातं, आणि तिथे रेकॉर्डचं प्लास्टिक मऊ पडायला लागतं. टिनाच्या खोलीत, माळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका. जमिनीपासून वीतभर वर, आतल्या खोलीत, उभ्या. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. कूलरच्या झोतात तर अजिबात नको. त्या दमट हवेने दोन महिन्यांत कव्हरच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि जुनं पीव्हीसीचं आतलं पाकीट रेकॉर्डला चिकटून धुरकट डाग पाडतं. ती पाकिटं आधी काढून टाका, कागदाची किंवा साध्या पॉलिथिनची घाला. वाकलेली एखादी आलीच तर ती उन्हात काचांमध्ये दाबून सरळ करायचा प्रयोग करू नका. खाचा सपाट होतात आणि वाकडी असताना निदान वाजत होती तीही वाजत नाही.