सुरुवातीचे ख्रिस्ती लोक प्रकटीकरणातली 'हजार वर्षे' शब्दशः घेत होते का?

तुम्ही विचारलंय : 'आमच्या अभ्यासगटात सांगतात की पहिल्या तीन शतकांतले सगळे ख्रिस्ती लोक हजार वर्षांचं राज्य शब्दशः मानायचे, रूपकाचा अर्थ पुढे ऑगस्टिनने आणला. हे खरं का? आणि ६६६ म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं का?'

आधी थोडी ओळख : प्रकटीकरण हे बायबलमधलं शेवटचं पुस्तक. त्याच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्त आणि त्याचे संत हजार वर्षं राज्य करतील असं म्हटलंय, आणि तेराव्यात एका श्वापदाची खूण आणि त्याच्या नावाचा आकडा ६६६ येतो. आता तुमचा प्रश्न. 'सगळे' हा शब्द काढून टाका, मग उरलेल्यात बरंच तथ्य आहे.

शब्दशः मानणारे होते आणि ते साधेसुधे लोक नव्हते. हिएरापोलिसचा बिशप पापियास दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्या राज्यात द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील, प्रत्येक फांदीला पुन्हा दहा हजार, असं वाढत वाढत शेवटी एकेका द्राक्षातून पंचवीस मापं द्राक्षारस निघेल, असं तो सांगे. संत एका घडाला हात घालतील तेव्हा शेजारचा घड म्हणेल, 'मी त्याच्याहून चांगला आहे, मला घे.' मला हे चित्र फार आवडतं. दुष्काळ आणि कर सोसणाऱ्या शेतकऱ्याला देवाचं राज्य असंच दिसणार. दोनशे वर्षांनी इतिहासकार युसेबियसने पापियासला अल्पबुद्धीचा ठरवलं. ते मला अन्यायाचं वाटतं.

आता 'सगळे' का नाही ते पाहा. इ. स. १६०च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुदी माणसाशी झालेला संवाद लिहिला. त्यात त्रिफो त्याला सरळ विचारतो : यरुशलेम पुन्हा बांधलं जाईल आणि तुम्ही तिथे राहाल, हे तुम्ही खरोखर मानता का? जस्टिन म्हणतो, मी मानतो, माझ्यासारखे आणखी पुष्कळ मानतात, पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे असेही अनेक ख्रिस्ती आहेत ज्यांचं मत वेगळं आहे. म्हणजे शब्दशः मानणाऱ्याचीच ही साक्ष आहे आणि ती चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टिनच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. तुमच्या अभ्यासगटात एवढा एक परिच्छेद वाचून दाखवला तरी पुरे.

६६६कडे मी जरा वैयक्तिक कारणाने वळलो. २०२१मध्ये लशीचा संबंध श्वापदाच्या खुणेशी जोडणारा एक मेसेज आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) फिरत होता. माझ्या सख्ख्या मावशीने त्यावर विश्वास ठेवून लस घ्यायचं नाकारलं. ती घाबरून रडत होती आणि प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय कितीदा तरी वाचलेला असूनही मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. त्यानंतर मी जुने लेखक वाचायला बसलो, आणि पहिल्यांदा हाती घेतला तो इरेनियस.

इरेनियस लहानपणी स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर) शहरात तिथला बिशप पॉलिकार्प याचं प्रवचन ऐकत असे, पुढे तो आजच्या फ्रान्समधल्या लियों शहराचा बिशप झाला. इ. स. १८०च्या आसपास त्याने पाखंडी मतांविरुद्ध पाच खंड लिहिले. पाचव्यात तो ६६६ची चर्चा करतो. ग्रीक अक्षरांना अंकमूल्य असतं, त्यामुळे नावाची बेरीज करता येते. त्याने स्वतः तीन नावं जुळवून दाखवली : एवान्थास, लातेइनोस आणि तेइतान. तिन्हींची बेरीज ६६६ भरते. मग तो थांबतो आणि म्हणतो, एवढी नावं जर जुळतात तर नेमकं कोणतं हे छातीठोकपणे सांगायचं नाही. ते नाव आत्ताच उघड व्हायला हवं असतं, तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं, आणि ते दर्शन काही फार जुनं नाही, जवळजवळ आपल्याच पिढीतलं, दोमितियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरचं आहे.

आज बरेच अभ्यासक ६६६चा अर्थ नीरो बादशहा असा लावतात. 'नेरोन केसर' हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ येते, आणि शेवटचा 'न' गाळून लॅटिन उच्चाराप्रमाणे 'नेरो' लिहिलं की ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या एका पपायरसवरही तोच आकडा आहे. इरेनियसलाही ६१६ माहीत होता, पण त्याने ती नकलकाराची चूक मानली आणि नीरोचं नाव घेतलंच नाही. प्रकटीकरणाच्या इतक्या जवळच्या काळातल्या माणसाने, तीन नावं हाताशी असताना, एकावरही शिक्का मारला नाही. मावशीला मी पुढे हेच वाचून दाखवलं.

तारखा काढणारे मात्र तेव्हाही होते आणि त्याची किंमत तेव्हाही गरिबांनीच मोजली. हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २०४च्या सुमारास बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं. बायबलच्या पुस्तकावरचं आपल्या हाती असलेलं हे सर्वांत जुनं संपूर्ण ख्रिस्ती भाष्य समजलं जातं. त्यात तो त्याच काळातल्या दोन घटना सांगतो. सिरियातल्या एका मंडळीच्या पुढाऱ्याने ख्रिस्त भेटेल म्हणून बायकामुलांसह सगळ्यांना रानात नेलं. ते डोंगरांत भरकटले. सुभेदार त्यांना दरोडेखोर समजून पकडून मारणार होता, पण त्याची बायको विश्वासणारी होती, तिच्या विनवणीमुळे ते वाचले. दुसरी घटना काळ्या समुद्राकाठच्या पंत (पोंटस) प्रांतातली. तिथला पुढारी भला आणि नम्र होता, पण शास्त्रापेक्षा स्वप्नांवर त्याचा भरवसा जास्त. एक, दोन, तीन स्वप्नं पडली आणि त्याने जाहीर केलं की वर्षभरात न्यायाचा दिवस येणार, आणि मी म्हणतो तसं झालं नाही तर शास्त्रावरही विश्वास ठेवू नका. लोकांनी शेतं पडीक टाकली, असेल नसेल ते विकलं. वर्ष सरलं. काहीच घडलं नाही. ज्यांनी सगळं विकलं होतं ते पुढे भीक मागताना दिसले, असं हिप्पोलिटस लिहितो.

लोक तरीही तारीख विचारत राहिले, तेव्हा हिप्पोलिटसने उत्तर दिलं ते असं : सृष्टी सहा दिवसांत झाली, देवाचा एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणजे जगाचं आयुष्य सहा हजार वर्षं. कराराचा कोश म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, तिची लांबी-रुंदी-उंची मिळून साडेपाच हात, म्हणून ख्रिस्त आला साडेपाच हजाराव्या वर्षी. तेव्हा शेवटाला अजून सुमारे तीनशे वर्षं बाकी आहेत. आकडेमोड आपल्याला विचित्र वाटेल, पण तिचा परिणाम पाहा : उद्या शेत विकायला निघालेल्या माणसाला ती घरी परत पाठवते. त्याच सुमारास कार्थेजचा टर्टुलियन लिहितो की रोमचं राज्य टिकून आहे तोवर शेवट लांबतो, म्हणून आम्ही बादशहासाठी प्रार्थना करतो. शेवट लांबावा म्हणून प्रार्थना! आणि हा लेखक स्वतः हजार वर्षांचं राज्य शब्दशः मानणारा.

तिसऱ्या शतकात ओरिगेन या विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात आध्यात्मिक अर्थाचा आग्रह धरला. त्याच्याबद्दल इथे एवढंच पुरे, कारण मला ज्याच्याविषयी सांगायचंय तो त्याचा शिष्य, अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस.

इजिप्तमध्ये अर्सिनोए म्हणजे आजच्या फय्यूम भागात नेपोस नावाचा बिशप होऊन गेला होता. तो हजार वर्षं शब्दशः मानणारा, आणि रूपकाने अर्थ लावणाऱ्यांविरुद्ध त्याने पुस्तक लिहिलं होतं. तो वारला, पण त्या पुस्तकावरून गावोगावच्या मंडळ्या फुटू लागल्या. दिओनिसियसने पत्रक काढून कुणालाही बाहेर टाकलं नाही. तो स्वतः तिथे गेला. गावांतल्या वडीलजनांना आणि शिक्षकांना बोलावलं, ज्यांना यायचंय त्या सगळ्यांना बसवलं, नेपोसचं पुस्तक मधोमध ठेवलं आणि सलग तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ते चर्चेत तपासलं. आधी त्याने नेपोसची स्तुती केली : त्याचा विश्वास, त्याचा अभ्यास, त्याने रचलेली गीतं, जी लोक अजून गात होते. समोरच्यांचं कौतुक करताना तो लिहितो की त्यांनी आपलंच खरं म्हणून हट्ट धरला नाही, पटलं तिथे मत बदलायला ते लाजले नाहीत. शेवटी त्यांचा मुख्य शिक्षक कोराकियोन उठला आणि यापुढे मी हे शिकवणार नाही असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

हाच दिओनिसियस प्रकटीकरणाची भाषा योहानाच्या शुभवर्तमानाशी ताडून पाहतो आणि ग्रीक व्याकरणातल्या चुका दाखवून म्हणतो की प्रकटीकरण लिहिणारा हा योहान दुसरा असावा. सतराशे वर्षांपूर्वीची ही समीक्षा आहे! पुस्तक टाकून द्यायला मात्र तो तयार नाही. माझ्या बांधवांना ते प्रिय आहे, आणि मला जे समजत नाही ते माझ्या आकलनापलीकडचं आहे असं मी धरतो, असं तो म्हणतो.

ऑगस्टिनचं उत्तर आता थोडक्यात देता येतं. 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या विसाव्या भागात तो हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळ असा अर्थ लावतो आणि आपणही एकेकाळी ते शब्दशः मत धरलं होतं असं मान्य करतो. त्याने टिकोनियस या आफ्रिकन भाष्यकाराकडून बरंच घेतलं. ऑगस्टिनने हा अर्थ रुजवला, हे बरोबर. शोधला मात्र नाही. जुनं मत बाजूला सारायला हातभार लावणारा आणखी एक माणूस आहे, बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा जेरोम. प्रकटीकरणावरचं सर्वांत जुनं उपलब्ध भाष्य विक्टोरिनसचं, जो आजच्या स्लोव्हेनियातल्या प्तुय गावचा बिशप होता आणि इ. स. ३०४च्या सुमारास हुतात्मा झाला. तो हजार वर्षांचं राज्य मानत असे. जेरोमने ३९८मध्ये ते भाष्य सुधारताना शेवटचा तो भाग काढून स्वतःचा घातला. मूळ शेवट छापून लोकांसमोर यायला १८९५ साल उजाडलं. शब्दशः मानणाऱ्यांची ही तक्रार मला रास्त वाटते, आणि गटात तुम्ही जस्टिनचा परिच्छेद वाचाल तेव्हा हेही सांगा.

आणि एक विनंती. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायावर वाद घालण्याआधी सगळ्यांनी मिळून दुसऱ्या अध्यायातली स्मुर्णा मंडळीच्या पत्राची चार वचनं, आठ ते अकरा, मोठ्याने वाचा. 'मरेपर्यंत विश्वासू राहा' हे तिथलंच वचन. इरेनियसचा गुरू पॉलिकार्प त्याच मंडळीचा बिशप होता. ख्रिस्ताला नाकारायला सांगितलं तेव्हा 'शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली आहे' असं तो म्हणाला, आणि त्याला जाळण्यात आलं.