मॅक्रोने कॉलम टेक्स्ट केला तरी आधार नंबर ई+११ च का दिसतो?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसू आलं, तुमचं नाही हो, माझंच. पोर्टलवरून दर महिन्याला विद्यार्थ्यांची यादी उतरवायची, त्यातले सी, ई आणि एच हे कॉलम म्हणजे आधार, खाते नंबर आणि विद्यार्थी आयडी एक्सेलमध्ये टेक्स्ट (आकडा नाही, नुसती अक्षरं) करायचे, त्याला मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करून देणारा छोटा कोड) लिहिला, तो चालतो, एरर पण देत नाही, तरी आधार आपला १.२३४५७ई+११ च, आणि जे थोडंफार जमतं तेसुद्धा फाईल बंद करून उघडली की गेलं. अहो मी वर्षभर हेच करत बसले होते. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, कॉम्प्युटरवाली नाही, जे शिकले ते शिष्यवृत्तीच्या याद्या परत आल्या म्हणून शिकले, त्यामुळे सांगते ते जरा घरगुती वाटेल.

आधी एक. मी कोडच्या ओळी इथे मराठीतच, जशा वाचतो तशा लिहिणार आहे, तुम्ही त्या मॅक्रोच्या एडिटरमध्ये इंग्रजी अक्षरात टाईप करा, आकडेही इंग्रजी. मुद्दाम असं करतेय, कारण इकडून तिकडून कॉपी केलं की अवतरण चिन्हं वाकडी येतात आणि मॅक्रो पहिल्याच ओळीला लाल होतो. एक अख्खी दुपार त्यात घालवली आहे मी.

आता तुमचा मॅक्रो. तुम्ही बहुतेक हीच ओळ लिहिली असणार:

कॉलम्स("सी").नंबरफॉरमॅट = "@"

ओळ बरोबर आहे. @ म्हणजे टेक्स्ट, त्यात काही चूक नाही. पण ही ओळ फक्त कॉलमचं फॉरमॅट बदलते, आत आधीच बसलेल्या आकड्याला हात लावत नाही. डब्यावर साखर अशी चिठ्ठी चिकटवली तरी आत मीठ असेल तर मीठच ना. एक्सेलने फाईल उघडतानाच तुमचा आधार नंबर आकडा म्हणून गिळलेला असतो, आणि ११ पेक्षा जास्त आकडी संख्या साध्या फॉरमॅटमध्ये ते ई+११ अशी दाखवतं, आधार १२ आकडी म्हणून नेमका सापडतो. मग तुम्ही मागून येऊन टेक्स्ट म्हणता, तर पुढे जे टाईप कराल ते टेक्स्ट होईल, पण आतला जुना आकडा आकडाच राहतो. बघायचं असेल तर त्यातल्या एका सेलवर जाऊन एफ२ दाबून एंटर मारा, तेवढा एक सेल लगेच सुधारतो. माझ्या आधीच्या बाई साडेचारशे मुलांची यादी अशीच एफ२ एंटर, एफ२ एंटर करायच्या, खरंच सांगते.

म्हणून मॅक्रोत दोन कामं हवीत आणि ह्याच क्रमाने, आधी कॉलम टेक्स्ट, मग आतली किंमत परत लिहायची. उलटं केलं तर परत लिहिलेलं एक्सेल पुन्हा आकडा समजून गिळतं. दुसऱ्या भागासाठी हे:

फॉर ईच सेल इन रेंज("सी२:सी५००")
इफ वर्कशीटफंक्शन.इझनंबर(सेल.व्हॅल्यू) देन सेल.व्हॅल्यू = फॉरमॅट(सेल.व्हॅल्यू, "०")
नेक्स्ट

अवतरणात आहे ते शून्य, म्हणजे सगळे आकडे सरळ लिही, ई-बी काही नको. खाते नंबर ११ आकडीच असेल आणि पुढची शून्यं उडाली असतील तर तिथे एका शून्याऐवजी ११ शून्यं टाका, ती परत येतात. पण हे फक्त सगळे एकाच लांबीचे असतील तेव्हाच, आणि शाळेत ते कधीच नसतात. स्टेट बँकेचा ११ आकडी, तोही कुठे कुठे पुढे शून्यं लावून १७ आकडी येतो, पंजाब नॅशनलचा १६ आकडी, बडोद्याचा १४ आकडी. आधारला मात्र ही भीती नाही, आधार ० किंवा १ ने सुरूच होत नाही.

आणि इझनंबर लिहिलंय तिथे इझन्यूमेरिक लिहू नका!! दिसायला सारखंच, पण इझन्यूमेरिक आधीच टेक्स्ट असलेल्या नंबरलाही हो म्हणतं, मग फॉरमॅट त्याला आकड्यात नेऊन परत आणतं, आणि नंबर लांब असेल तर शेपूट तुटतं. म्हणजे जो सेल चांगला होता तोच तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवलात.

शेपूट तुटण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण खरं नुकसान तिथे होतं, ई+११ हे नुसतं दिसणं आहे, आत आधारचे १२ च्या १२ आकडे शाबूत असतात. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ च आकडे धरतं. सोळाव्यापासून पुढे सगळं शून्य. डेबिट कार्डाचा १६ आकडी नंबर टाईप करून बघा, शेवटचा आकडा काहीही असू दे, शून्य झालेला दिसेल, आणि हे कुणी विचारून करत नाही की कुठे सूचना येत नाही. एकदा ते झालं की जगातला कुठलाही मॅक्रो तो आकडा परत आणू शकत नाही, कारण तो फाईलमध्ये उरलेलाच नाही. आमच्याकडे विद्यार्थी आयडी १९ आकडी, आणि एकाच शाळेतल्या मुलांचे पहिले पंधरा आकडे आमच्या यादीत तर वर्गभर सारखेच होते, वेगळे काय ते शेवटचे चार. आता विचार करा काय झालं असेल. सातवीच्या अख्ख्या वर्गाला एकच आयडी, शेवटी चार शून्यं! मी ती यादी वर पाठवली पण होती. हेडसरांना फोन आला तेव्हा मला कळलं.

तर मुळात रोग डाउनलोडनंतर पहिल्यांदा उघडतानाचा आहे. तुमची फाईल सीएसव्ही असणार, फाईल बंद केली की सगळं गेलं म्हणताय त्यावरून मला खात्रीच आहे. सीएसव्हीत फॉरमॅट नावाची गोष्टच नसते, स्वल्पविराम देऊन लिहिलेली साधी अक्षरं असतात फक्त, त्यामुळे मॅक्रोने कितीही टेक्स्ट करा, सेव्ह करताना ते टेक्स्टपण फाईलमध्ये जातच नाही. पुढच्या वेळी डबल क्लिक केलं की एक्सेल पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधतं. आणि वाईट म्हणजे, डबल क्लिक करून उघडून नुसतं सेव्ह केलंत तरी तुटलेले आकडे सीएसव्हीत पक्के होतात. म्हणून मी उतरवलेली मूळ फाईल वेगळ्या फोल्डरला ठेवते आणि तिला एक्सेलमध्ये उघडतच नाही, बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये.

मग करायचं काय, तर फाईलचं नाव बदलायचं, शेवटी सीएसव्ही असतं त्याऐवजी टीएक्सटी करायचं. हसू नका. आधी एक्सेल उघडायचं, मग फाईल ओपनमधून ती निवडायची, म्हणजे तीन पायऱ्यांची ती खिडकी येते, दुसऱ्या पायरीला कॉमा निवडायचा आणि तिसरीत हव्या त्या कॉलमवर क्लिक करून टेक्स्ट म्हणायचं. इथे एक्सेल गिळण्याच्या आधीच तुम्ही सांगता की हा आकडा नाही. आणि हे सगळं करताना मॅक्रो रेकॉर्डर (आपण जे जे करतो ते टिपून त्याचा मॅक्रो बनवणारी एक्सेलचीच सोय) चालू ठेवायचा, कोड लिहायलाच नको, तो स्वतःच वर्कबुक्स.ओपनटेक्स्ट अशी लांबलचक ओळ लिहून देतो. त्यात फील्डइन्फो म्हणून जोड्या जोड्या दिसतील, ॲरे(३, २), ॲरे(५, २), ॲरे(८, २) अशा. पहिला कॉलमचा नंबर, दुसरा प्रकार, २ म्हणजे टेक्स्ट. तुमचे सी, ई, एच म्हणजे हेच तीन, पाच, आठ. पुढच्या महिन्यात पोर्टलवाल्यांनी मधे एक कॉलम घुसवला (घुसवतात!) तर फक्त इथले नंबर बदलायचे.

नाव बदलायची भानगड कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण फाईलच्या शेवटी सीएसव्ही असेल तर ओपनटेक्स्ट फील्डइन्फोकडे बघतच नाही, गप्प सगळं आपल्या मनाने उघडून मोकळं. एरर नाही, काही नाही. तुम्ही कदाचित हेही करून बघितलं असेल आणि सोडून दिलं असेल, म्हणून लिहिलं.

जन्मतारीख जपा. मॅक्रोतून सीएसव्ही उघडली की तारखा अमेरिकन पद्धतीने वाचल्या जातात, आधी महिना मग दिवस, त्यामुळे ५ जूनचं पोरगं ६ मेचं होतं, आणि १३ तारखेपासून पुढचे बरोबर राहतात म्हणून पटकन लक्षातही येत नाही. त्या कॉलमला जोडीत २ ऐवजी ४ द्या, म्हणजे दिवस-महिना-वर्ष. आणि उघडून झाल्यावर तारखांचा कॉलम टेक्स्ट करायला जाऊ नका, ५ जून २०१४ ऐवजी तिथे ४१७९५ असा आकडा दिसेल, एक्सेल तारखा आतून दिवस मोजूनच ठेवतं. ह्याच कारणासाठी अख्खी शीट एका ओळीत टेक्स्ट करायचा आळशी मॅक्रोही नको, कुणीतरी तुम्हाला तो सुचवेलच. गुणांचे कॉलम टेक्स्ट झाले की बेरीज शून्य येते, आणि नवीन फॉर्म्युला लिहिला तर उत्तराऐवजी फॉर्म्युलाच छापलेला दिसतो.

रेकॉर्ड करताना तो विचारतो मॅक्रो कुठे ठेवू, तिथे पर्सनल मॅक्रो वर्कबुक निवडा. कारण तुमची यादी दर महिन्याला नवीन उतरते, मॅक्रो जुन्या फाईलमध्ये ठेवला तर तो तिथेच राहतो. काम झालं की फाईल साधी एक्सेल वर्कबुक म्हणून सेव्ह करा, सीएसव्ही म्हणून नाही. आणि मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल झेड चालत नाही हे माहीत असेलच, नसेल तर आता माहीत झालं, आधी कॉपी काढा.

टेक्स्ट झाल्यावर सेलच्या कोपऱ्यात हिरवे त्रिकोण येतात. ती चूक नाही, उलट ते दिसले की मला बरं वाटतं. फक्त त्यावर क्लिक करून कन्व्हर्ट टू नंबर म्हणू नका, आमच्या एका सरांनी चांगल्या भावनेने सगळे त्रिकोण काढून दिले होते.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. टेक्स्ट केल्यावरही दुबार नावं शोधायला काउंटइफ (एखादी गोष्ट यादीत किती वेळा आली ते मोजणारा फॉर्म्युला) लावलं तर ते टेक्स्टमधल्या नंबरला परत आकडा समजतं आणि पहिले १५ च आकडे बघतं. म्हणजे डेटा बरोबर असूनही माझ्या १९ आकडी आयडीत सगळा वर्ग दुबार दाखवला, आणि रंगाने डुप्लिकेट दाखवणारं बटणसुद्धा तेच करतं. त्याऐवजी समप्रॉडक्ट नावाच्या फॉर्म्युल्यामध्ये सरळ बरोबरचं चिन्ह वापरून तुलना करा, ते अक्षर न अक्षर बघतं. एका शीटमधलं दुसरीत शोधून देणाऱ्या व्हीलुकअपची तऱ्हा वेगळी, तिथे एका शीटमध्ये टेक्स्ट आणि दुसऱ्यात आकडा असेल तर डोळ्यांना सारखं दिसूनही सापडत नाही म्हणतं, दोन्हीकडे टेक्स्ट करा.

तुमच्याकडे नवीन मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर फाईल, ऑप्शन्स, डेटा इथे ही आपोआप बदलायची सवय बंद करायच्या खुणा आहेत, २०२३ मध्ये आल्या. आमच्या ऑफिसात २०१० चं एक्सेल आहे, त्यामुळे आमच्या नशिबात नाहीत. आणि असल्या तरी मॅक्रो चालू असताना त्या लागू होत नाहीत, म्हणजे तुमच्या कामाला अर्ध्याच उपयोगाच्या. गंमत म्हणजे ह्याच सवयीपायी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, मार्च१ असं नाव लिहिलं की एक्सेल १ मार्च तारीख करायचं म्हणून त्याचं मार्चएफ१ केलं. तिथे आपण तर साधी शाळेची माणसं.

गुगल शीट्सवाल्यांना तिथल्या स्क्रिप्टमध्ये सेटनंबरफॉरमॅट लिहून तेच @ द्यायचं. लिब्रेऑफिसवाल्यांना तर सीएसव्ही उघडतानाच खिडकी येते, तिथेच कॉलम निवडून टेक्स्ट म्हणता येतं, नाव बदलायची कटकट नाही.

आज लगेच करायचं तर हातातली शीट उघडा आणि एच कॉलमचे आठदहा आयडी फॉर्म्युला बारमध्ये बघा. सगळेच्या सगळे शून्यांनी संपत असतील तर त्यावर कुठलाही मॅक्रो चालवू नका, ती फाईल गेली. पोर्टलवरून परत उतरवा, नाव बदला, आणि मग रेकॉर्डर चालू करा. ओपनटेक्स्टच्या ओळीत काही अडलं तर इथेच खाली ती ओळ टाका, मी संध्याकाळी सहानंतर बघते, दिवसा पोर्टल आणि मी दोघंही बिझी असतो.