आधी एक छोटा गेम पूर्ण होऊ द्या

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी दोन वर्षांपासून एकटीने एक भलामोठा रोल प्लेइंग गेम बनवत आहे, तो पुरा करण्यासाठी तिला आता शिक्षण सोडायचे आहे, आणि विक्रीचे काय, असे आपण विचारले की ‘चांगला गेम आपोआप खपतो’ असे ती म्हणते. तिला अडवावे की जाऊ द्यावे, असा आपला प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो. हा व्यवसाय खरा आहे आणि पत्रावरून तिची चिकाटीही खरी वाटते. पण एकही गेम पूर्ण करून अनोळखी लोकांपुढे ठेवलेला नसताना शिक्षण सोडू नये.

ती आपल्याला बहुधा ‘स्टारड्यू व्हॅली’ या गेमचे उदाहरण देईल. एरिक बॅरोन यांनी चित्रे, संगीत आणि प्रोग्रॅमिंग हे सारे एकट्याने करत सुमारे साडेचार वर्षे त्यावर घालवली आणि २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या त्या गेमला अफाट यश मिळाले, हे खरे आहे. मात्र ते काम त्यांनी संगणकशास्त्राची पदवी पदरात पडल्यावर हाती घेतले होते, त्या काळात ते एका नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी करत होते आणि घरखर्चाचा मोठा भार त्यांच्या जोडीदाराने उचलला होता. शिवाय प्रकाशनाच्या तीनेक वर्षे आधीच हा गेम ‘स्टीम’ या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानातील खेळाडूंसमोर मांडलेला होता. म्हणजे तो ‘आपोआप’ खपला, असे म्हणता येणार नाही.

माझी खरी शंका गेमच्या आकाराबद्दल आहे. एकट्याने मोठा गेम करायला घेतला की पहिले काही महिने झपाट्याने जातात आणि मग मेनू, सेव्ह करण्याची सोय, ध्वनी, निरनिराळ्या स्क्रीनवर नीट दिसणे, बग म्हणजे प्रोग्रॅममधील चुका शोधणे असली कंटाळवाणी कामे उरतात, आणि गेम रखडतात ते तिथेच. म्हणून तो मोठा गेम तिने तूर्त बाजूला ठेवावा आणि अर्ध्या तासात खेळून संपेल असा छोटा गेम दोन-तीन महिन्यांत पूर्ण करून ‘इच.आयओ’सारख्या संकेतस्थळावर मोफत ठेवावा. ‘लुडम डेअर’सारख्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत गेम बनवण्याच्या उपक्रमात, दोन-तीन दिवसांत गेम उभा करावा लागतो, तिथे काय गाळायचे, हे जितके कळते तितके वर्षभराच्या अभ्यासक्रमातही कळत नाही. २०१८ चा गाजलेला ‘सेलेस्ट’ हा गेमही आधी चार दिवसांत केलेला एक छोटा नमुना होता. साधनांचा खर्च हा प्रश्नच उरलेला नाही. ‘गोडो’ हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे.

यानंतरची पायरी, म्हणजे गेम दुसऱ्याला खेळायला देऊन गप्प राहणे, मुलांना सर्वांत जड जाते. एका विद्यार्थ्याने मला त्याचा गेम खेळायला दिला होता. पहिल्याच खोलीत मी भिंतीवर आपटत राहिलो, कारण दरवाजा आणि भिंत यांचा रंग जवळजवळ सारखाच होता. तो मागे उभा राहून ‘सर, तिकडे नाही, डावीकडे’ असे सांगत होता. मी त्याला एवढेच म्हटले की, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे तू उभा राहू शकणार नाहीस. आपल्या मुलीने पाच अनोळखी व्यक्तींना गेम द्यावा, त्या खेळत असताना एक शब्दही बोलू नये आणि त्या कुठे थबकतात, कोणती सूचना वाचतच नाहीत, कड्यावरून उडी मारताना बटण किंचित उशिरा दाबल्याने किती वेळा पडतात, एवढेच वहीत टिपावे. या उडीवर अनुभवी लोकांनी शोधलेला उपाय गमतीचा आहे: पात्राचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापर्यंत, उडी मान्य करायची. खेळाडूला ही सवलत जाणवत नाही, फक्त गेम हाताला चांगला लागतो.

आता विक्रीविषयी. ‘स्टीम’वर एक गेम विक्रीस ठेवण्याचे शुल्क १०० डॉलर आहे, त्यामुळे दार सर्वांना उघडे आहे आणि म्हणूनच आत तुफान गर्दी आहे, २०२४ या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून अधिक गेम आले. विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा दुकानाचा. १० डॉलरच्या हजार प्रती सवलत न देता विकल्या गेल्या, तरी हाती सात हजार डॉलर येतात, तेही परत केलेल्या प्रती आणि कर वजा होण्यापूर्वी. हा आकडा दोन वर्षांच्या श्रमांनी भागून तिने स्वतःच पाहावा.

या गर्दीत प्रसिद्धीचे काम गेम संपल्यावर सुरू करून चालत नाही. स्टोअर पेज, म्हणजे ‘स्टीम’वरील गेमचे पान, प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी लावावे लागते, पण शहाणी माणसे ते कित्येक महिने आधी लावतात, कारण तोवर ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत टाकला, त्यांनाच प्रकाशनाच्या दिवशी सूचना जाते. ट्रेलरच्या पहिल्या काही सेकंदांत कंपनीचे बोधचिन्ह नको, प्रत्यक्ष खेळणे दिसायला हवे. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम ग्राहकाला परत करता येतो, तेव्हा तिच्या कथेची खरी रंगत तिसऱ्या तासाला सुरू होत असेल, तर ती अलीकडे आणावी लागेल. पब्लिशर, म्हणजे पैसे लावून गेम बाजारात आणणारी कंपनी भेटली, तर तिने दिलेली आगाऊ रक्कम बहुधा विक्रीतून आधी वसूल होते आणि मगच निर्मात्याचा वाटा सुरू होतो. करारातील हे कलम आणि गेमचे हक्क कोणाकडे राहणार, हे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

हे सगळे शिक्षण चालू ठेवून, सुट्ट्या आणि शनिवार-रविवार वापरून करता येते. छोटा गेम पूर्ण झाला, अनोळखी लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला आणि त्यानंतरही तिची इच्छा कायम राहिली, तर शिक्षण कायमचे सोडण्याऐवजी वर्षभराची रजा मिळते का, याची महाविद्यालयात चौकशी करावी आणि त्या वर्षाच्या खर्चाची मर्यादा तिच्यासमवेत बसून आधीच ठरवावी. पुढचे पत्र मात्र तिने स्वतः लिहावे आणि त्यासोबत त्या पाच खेळाडूंची टिपणे पाठवावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक