हर्णैला जायचा दिवस तिथी बघून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात दोन दिवस दापोलीजवळच्या हर्णै-मुरूडला जायचंय, सोबत फोन आणि 18-55 लेन्सचा जुना डीएसएलआर. मागच्या खेपेला फोटो पांढरट आले, समुद्र तिरका आला आणि आभाळ कोरं. नेमकं काय चुकतंय?

कॅमेऱ्याकडे नंतर वळू. आधी कालनिर्णय उघडा. कोकणात भरतीचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, फोटोसाठी तेवढं चालतं. (पाण्यात उतरायचं असेल तर मात्र आडाख्यावर जाऊ नका, भरतीचा छापील तक्ता किंवा अ‍ॅप बघा.)

याचा फोटोशी संबंध सरळ आहे. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतच्या संध्याकाळी पाणी खूप मागे गेलेलं असतं आणि मुरूड-कर्द्याची सपाट पुळण ओली, आरशासारखी उघडी पडते. आभाळाचे रंग दोनदा मिळतात, एकदा वर आणि एकदा पायाशी. अष्टमीला त्याच वेळी पाणी सुरूच्या बनाच्या दिशेने चढलेलं असतं, मग प्रतिबिंब शोधत बसू नका, लाटांचे फोटो काढा. आणखी एक फायदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मिळतो. तेव्हा चंद्र समुद्रात उतरत असतो आणि मागून, जमिनीकडून, उजाडत असतं. समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट, फिकट गुलाबी आभाळ आणि चंद्र एका चौकटीत बसवायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात.

आता उजेडाची दिशा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन बोटींवर पडतं, म्हणून बोटींचे निळे-भगवे रंग, नाळेवरची नावं आणि झेंडे सकाळी साडेसात ते नऊ या वेळात काढा. संध्याकाळी त्याच बोटी काळ्या आकृत्या होतात. बहुतेक जण तेव्हाही समुद्राकडेच तोंड करून उभे राहतात, आणि बंदरावरच्या मासळीच्या लिलावाच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे काळे येतात. पाठ समुद्राकडे करा. टोपल्या घेऊन वर येणाऱ्या खलाशांवर, बैलगाड्यांवर, बोली लावणाऱ्या बायकांवर ते तिरकं पिवळं ऊन पडलेलं दिसेल. फक्त दर मिनिटाला एकदा मागे बघा, लाट आणि बैलगाडी दोन्ही मागूनच येतात.

पांढरटपणाचं मुख्य कारण बहुधा काचेवरचा थर आहे. खारी हवा आणि बोटांचा तेलकटपणा मिळून फोनच्या लेन्सवर पातळ पापुद्रा बसतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा फोटो काढून बघा. दिव्यातून लांब रेघ ओढल्यासारखी दिसली की काच पुसायला झाली. मात्र कोरडं फडकं घासू नका, वाळूचा एक कण ओरखडा पाडायला पुरतो. आधी हवेच्या पंपाने फुंका, मग मऊ कापड गोड्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पुसा. मीठ पाण्यात विरघळतं, नुसत्या कापडाने ते काचभर पसरतं. एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेला तर काचेवर दव धरतं; बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. पुळणीवर लेन्स बदलायची नाही.

दुसरं कारण दुपारचं कडक ऊन. साडेनऊ ते चार हर्णैत फोटोपेक्षा जेवण चांगलं मिळतं.

कोरं आभाळ हा एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला त्याचा दोष. फोनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. डीएसएलआरवर मावळतीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे 0.7 ते 1 ठेवा. उलट भर उन्हातली पांढरी वाळू कॅमेरा राखाडी करून टाकतो, तिथे अधिक 0.7 लागेल. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर सूर्य उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असतानाच लावा. मावळत्या सूर्यासमोर तो काही करत नाही, उजेड मात्र एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). क्षितिज तिरकं येऊ नये म्हणून पडद्यावर ग्रिड (आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवा आणि क्षितिज माणसाच्या किंवा डोलकाठीच्या मानेतून आरपार जाणार नाही एवढं बघा. थोडं वाकलात की ते सरकतं.

शटरच्या वेगाचं गणित सोपं आहे. डुलणाऱ्या बोटीला 1/250 सेकंद, मासळीच्या तुकड्यावर झेपावणाऱ्या ब्राह्मणी घारीला किंवा हिवाळ्यात येणाऱ्या कुरव (सीगल) पक्ष्यांना 1/1600 तरी हवा. 55 मिमीत घार ठिपक्याएवढी येईल, तेव्हा एकट्या घारीमागे न लागता बोटींवरचा अख्खा थवा घ्या. परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर सूर्य बुडाल्यावर ट्रायपॉडवर 1/4 ते 1/2 सेकंद. ट्रायपॉडचे सर्वांत खालचे, बारीक पाय आधी पूर्ण उघडा, म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतात. रात्री पाय गोड्या पाण्याने धुवा.

लिलावाच्या रिंगणात मध्ये उभं राहू नका. तिथे मिनिटामिनिटाला पैशांचे व्यवहार होतात आणि बाहेरच्या माणसाचा खोळंबा कुणालाच परवडत नाही. कडेला थांबा, "मावशी, एक फोटो काढू का?" विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. फ्लॅश नको. शक्य झालं तर मासळी विकत घ्या, नंतर फोटो काढणं आपोआप सोपं होतं. जिथे फाटक आणि सुरक्षारक्षक आहेत अशा बंदरांत आधी परवानगी विचारायची, हेही लक्षात असू द्या.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी येऊ नका. तुमचा नोव्हेंबर उत्तम आहे, फक्त दोन दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येला लागून येतील असे निवडा. चपला भिजल्या तरी चालतील अशा घाला, ओहोटीला बंदरात वाळूपेक्षा चिखल जास्त असतो.