साताऱ्यात दारू सोडण्यासाठी मदतगटाची सभा कशी शोधावी आणि तिथे नाव-गाव सांगावे लागते का?
आडनाव, गाव काहीही सांगावे लागत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या सभेला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते, फी नसते, आणि पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकले तरी कुणी बोलायचा आग्रह धरत नाही. मी स्वतः अशा सभांना जातो, म्हणून हे खात्रीने लिहितो. जवळच्या सभेचा वार व जागा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्रात विचारावी. घरच्यांना सोबत न्यायचे असल्यास सभा खुली आहे ना, हेही विचारावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या भरवशावर दारू एकाएकी बंद करू नये, कारण थरथर वाढून झटके येऊ शकतात. आधी सिव्हिलमधील डॉक्टरांना अवश्य दाखवावे.