ट्रक घ्या की, पण आधी त्या पॉलिसीचं पहिलं पान वाचा

बेळगावच्या खानापूर रोडवरनं एका वाचकांचं पत्र आलंय, थोडक्यात देतो.

"सर, उद्यमबागला एका मशीन शॉपमधे सुपरवायझर आहे, वय 38, हातात 52 हजार येतात. मुलगा 13, मुलगी 9, मार्चमधे 10 पूर्ण होईल. मिसेस घरीच शिलाई करतात. दोघा मुलांसोबत रिमोटचा दगडधोंड्यावर चढणारा ट्रक बांधायचाय, ट्रॅक्ससचा टीआरएक्स-4. कॅशनं 64 हजार सांगितलेत, नो-कॉस्ट ईएमआय घेतला तर 9 महिन्यांत 68. सोसायटीत दीड लाखाची एफडी आहे, ती मोडू का ईएमआय घेऊ? पोराला मेकॅनिकलची आवड लागेल, शिवाय यूट्यूबवर व्हिडिओ टाकून वर्षभरात पैसे वसूल होतील. बाकी मुलांच्या भविष्याचं टेन्शन नाही, दोघांच्या नावानं पॉलिसीचे 51-51 हजार वर्षाला भरतोय, चार हप्ते झाले, पाचवा जानेवारीत. घराचं कर्ज 14 लाख बाकी, हप्ता 14 हजार. पॉलिसीच्या पानाचा फोटो जोडलाय."

ट्रकचं उत्तर दोन ओळीत होतं. 68 वजा 64 म्हणजे 4 हजार जास्त, दर महिन्याला फेडत गेल्यामुळं नऊ महिन्यांत सरासरी 35 हजारच तुमच्याकडे वापरायला राहणार, म्हणजे व्याज पडलं वर्षाला साधारण 15 टक्के. नो-कॉस्ट कुठलं, कॅशचा डिस्काउंट गेला तोच कॉस्ट. ईएमआय नको. झालं.

पण मी अडकलो त्या फोटोवर.

फोटो झूम करून बघा की. वरच्या कॉलममधे 'प्रपोजर' म्हणजे हप्ता भरणारा म्हणून तुमचं नाव, त्याच्या खाली 'लाइफ अ‍ॅश्युअर्ड' म्हणून मुलाचं नाव, सम अ‍ॅश्युअर्ड 10 लाख. रायडरची, म्हणजे जोडविम्याची, जागा कोरी. मुलीची पण तशीच असणार, कारण एकाच बसण्यात दोन्ही फॉर्म भरले असं तुम्ही पुढं लिहिलंयच. म्हणजे विमा पोरांच्या जिवाचा आहे, तुमच्या नाही. तेरा वर्षाच्या पोराच्या पगारावर तुमचं घर चालतं का? विमा त्याचा काढायचा असतो जो गेला की चूल बंद पडते. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या दोन्ही पॉलिसीतनं घरात एक रुपया येणार नाही, उलट प्रीमियम वेव्हरचा, म्हणजे बाप गेला की पुढचे हप्ते माफ, असा रायडर नाही म्हणून जानेवारीत 1 लाख 2 हजार तुमच्या मिसेसनी शिलाईतनं भरायचे.

पीएफ कापतात म्हणता तर ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतचा विमा, असेल, त्यातनं जास्तीत जास्त 7 लाख मिळतात. डोक्यावर कर्ज 14 लाख. गणित तुम्हीच करा, मला रात्री करवत नाही.

ज्या कुणी बँकेत बसवून हे विकलं त्यानं 'मुलांच्या नावानं पॉलिसी' हे वाक्य वापरलं असणार, सगळे तेच वापरतात, आणि आईबापाच्या कानाला ते इतकं गोड लागतं की कॉलम कुणी वाचत नाही. माझ्याकडे महिन्याला अशी दोन-तीन पानं येतात. पहिल्या हप्त्याचं कमिशन चार वर्षामागंच कुणाच्या तरी खात्यात पोचलं, आता तो माणूस तिथं आहे का तेही बघा, बहुतेक बदली झालेली असते.

आता परतावा. दोन्हीचे मिळून वीस वर्षांत 20 लाख 40 हजार भरणार, तुम्हाला सांगितलंय 35 लाख मिळतील. "जवळजवळ पावणेदोनपट" असं लिहिलंय तुम्ही. वीस वर्षात पावणेदोनपट, आणि तेही बोनस ठरल्यासारखा आला तर! हा दर पाच टक्क्याच्या जरा आतच पडतो. हेच हप्ते पीपीएफमधे सध्याच्या 7.1 टक्क्यानं टाकले असते तर 45 लाख झाले असते. दहा लाखाचा फरक, म्हणजे तुमच्या भाषेत पंधरा ट्रक.

मग लगेच बंद करा असं म्हणू का? थांबा जरा, इथं लोक रागात चुकतात. चार हप्ते भरून झाल्यावर नुकसान बरंचसं होऊन गेलेलं असतं. आज सोडली तर गॅरंटीड सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर हमखास मिळणारे पैसे, भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे 4 लाखाचे 2, वर जमलेल्या बोनसची थोडी किंमत. तिथून पुढं धरलं तर चालू ठेवण्याचा दर साडेसहाच्या आसपास निघतो, पीपीएफपेक्षा थोडाच कमी. म्हणजे निव्वळ परताव्यावर भांडण नाहीच. भांडण हे आहे की महिन्याला साडेआठ हजार तिकडं अडकलेत म्हणून खऱ्या विम्याला पैसे उरत नाहीत.

कंपनीकडनं दोन आकडे लेखी मागवा, फोनवर नको: आज सरेंडर केलं तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती. पेड-अपमधे सम अ‍ॅश्युअर्ड वीसातले चार हप्ते या हिशोबात उतरतो, दहाचे दोन लाख, अधिक आत्तापर्यंतचा बोनस. मग सरेंडरच्या आकड्याला तीननं गुणा. का तीननं, तर 7.1 टक्क्यानं उरलेल्या 16 वर्षात पैसा तिप्पट होतो. गुणाकार पेड-अपपेक्षा मोठा आला तर सरेंडर करा, लहान आला तर पेड-अप ठेवून विसरून जा. जानेवारीच्या तारखेनंतर 30 दिवस ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत, असते, तेवढ्यात ठरवा.

त्याच्या आधी मात्र स्वतःच्या नावानं टर्म, म्हणजे तुम्ही गेलात तरच घरी पैसे देणारा साधा विमा. 1 कोटीचं, वयाच्या साठीपर्यंत, तुमच्या वयाला वर्षाला 15 ते 18 हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी शून्य झालाय, सांगितलेल्या प्रीमियमवर कुणी टॅक्स जोडत असेल तर विचारा. आणि एक, तंबाखू मळत असाल तर फॉर्मवर तसंच लिहा, प्रीमियम बराच वाढेल, वाढू दे. निपाणीपासनं इकडं आपल्या भागात "तंबाखू म्हणजे काय व्यसन आहे होय" असं म्हणून 'नाही'वर टिक मारणारे मी पायलीचे पन्नास बघितलेत, आणि क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केसपेपरवर ती तंबाखू निघते.

मुलीचं सुकन्या खातं मार्चच्या आत उघडा. दहा पूर्ण झाली की उघडता येत नाही, हे कुणी सांगितलं नसेल कारण त्यात कुणाला कमिशन नाही. 250 रुपयात उघडतं, सध्या 8.2 टक्के, 15 वर्षं भरायचं, 18 नंतर शिक्षणाला अर्ध्यापर्यंत काढता येतं.

सोसायटीच्या दीड लाखाचं पण सांगतो. ती क्रेडिट सोसायटी आहे, बँक नाही, बँकेच्या ठेवीला असतं ते 5 लाखापर्यंतचं डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेव विम्याचं, संरक्षण तिला नाही. साडेदहा टक्के देतात ते त्याचेच. मुदत संपली की बँकेत आणा, ट्रकसाठी तर मोडूच नका, घरात आडीअडचणीला तेवढेच आहेत.

म्हणजे सुटलेले साडेआठ हजार असे: टर्मला दीड, सुकन्याला दोन, बँकेत आरडीला तीन, आणि दोन ट्रकला. हो, ट्रकला पण.

फक्त हा ट्रक नाही. तुम्ही लिहिलंय "बांधायचाय", आणि भाव काढलाय तयार गाडीचा! ती खोक्यातनं जोडूनच येते, पोरं बांधणार काय, स्टिकर? शिवाय त्यात बॅटरी आणि चार्जर येत नाही, ते तुमच्या 64 मधे धरलेलंच नाही. यूट्यूबच्या वसुलीवर बोलत नाही, तो आकडा हिशोबात शून्य धरा.

आधी डब्ल्यूपीएल कंपनीचा 1/16 चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याचा, किट घ्या, दोन-तीन महिन्यांच्या बजेटात बसतो, माझ्या भाच्याकडे आहे. स्क्रू पोरीनं मोजायचे, अ‍ॅक्सल पोरानं जोडायचे, प्लॅस्टिकचे गिअर झिजले की का झिजले ते उघडून बघायचं. त्यातनं पावसाळ्यानंतरही हौस टिकली तर 1/10 चा न जोडलेला किट बघा, पार्टपार्टनं. आधी चासी-अ‍ॅक्सल, मग सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, मेटल गिअरचाच, कारण दगडात चाक अडकलं की प्लॅस्टिकचे दात पहिले जातात. एकदम सगळं मागवू नका.

आणि राव, तुमच्या यादीत पितळेची वजनं विकत घ्यायची आहेत, अ‍ॅक्सलवर लावायची! मशीन शॉपचा सुपरवायझर पितळ ऑनलाइन मागवणार? मालकाला विचारून स्क्रॅपमधला बार घ्या, लेथवर पोराच्या समोर टर्न करा, वजन खाली गेलं की गाडी चढावर उलटत नाही हे त्याला हातात कळेल. रिमच्या आतनं चिकटवायला चाकाच्या बॅलन्सिंगच्या दुकानातल्या त्या चिकट पट्ट्या चालतात. चासीला अ‍ॅक्सल जोडणारे लिंकचे रॉड पण तुमच्याकडेच होतील, अ‍ॅल्युमिनियमचा 6 एमएम बार आणि एम3 चा टॅप.

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी मात्र चांगली घ्या, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फरशीवर ठेवून, कुणीतरी समोर असताना चार्ज करा, गादीवर नाही. पोरानं एकट्यानं तर नाहीच. महिनाभर चालवायची नसेल तर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवून द्या. पहिली ट्रायल राजहंसगडाच्या पायथ्याला घ्या, ही गाडी चालायच्या वेगानंच जाते, मागनं पळावं लागत नाही.

टर्मचा फॉर्म या आठवड्यात. मेडिकलला रिकाम्या पोटी जावं लागेल, रविवारी लॅब चालू असते का ते आधी विचारून ठेवा.